माप, वजन आणि शीग

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी घरात नववधू पहिले पाऊल टाकते, तेव्हा उंबरठ्यावर तांदळाने भरलेले माप ठेवलेले असते. उजव्या पायाने ते हलकेच लवंडून ती घरात येते. या प्रसंगी तागडी आणि किलोचे वजन कोणी उंबरठ्यावर ठेवल्याचे ऐकिवात नाही. घरातल्या अन्नाचा कारभार मापाने चालतो, हे त्या एका विधीत सांगितलेले आहे. दुकानाचा कारभार मात्र वजनाने चालतो. धान्य पिशवीतून किलोने घरात येते आणि डब्यातून वाटीने बाहेर पडते. या दोन व्यवहारांच्या मध्ये एक रूपांतर रोज घडत असते. परंतु ते इतके सवयीचे झालेले असते की त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. चार माणसांच्या घरात या रूपांतरात थोडी चूक झाली तरी बिघडत नाही. चारशे माणसांच्या पंगतीत, धान्याच्या उसनवारीत, मजुराच्या खळ्यावरील वाट्यात किंवा गरजूंना द्यावयाच्या शिध्यात तीच चूक झाली, तर कोणी तरी उपाशी राहतो अथवा अन्न वाया जाते. म्हणून या साध्या दिसणाऱ्या विषयाचा विचार गणिताच्या अंगाने व्हावयास हवा, आणि धर्माच्या अंगानेही व्हावयास हवा.

जुनी मापे

मेट्रिक पद्धती येण्यापूर्वी महाराष्ट्रातील धान्याचा व्यवहार मुख्यत्वे मापानेच होत असे. बहुतेक भागांत प्रचलित असलेले कोष्टक असे होते : दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. पुढे कोठे बारा, तर कोठे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. निळव्यापासून पायलीपर्यंत प्रत्येक पायरी दुपटीची आहे. एका पायलीत चौसष्ट निळवी बसतात.

या दुपटीमागे मोठे व्यवहारज्ञान आहे. ज्याला अक्षरओळख नाही, अंक येत नाहीत, अशा माणसालाही मापाची परीक्षा घेता येत असे. दोन चिपटी मापट्यात ओतावीत. मापटे बरोबर भरले तर दोन्ही मापे खरी, नाही तर एक तरी खोटे. वजन खरे की खोटे हे ओळखण्यासाठी दुसरे खात्रीचे वजन हाताशी असावे लागते; मापांना मात्र त्यांच्याच घरातील धाकटी मापे साक्षीदार म्हणून पुरत. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती. मोजणे हे नुसते गणन नव्हते, त्यात मंगलभावनाही होती, याची ती खूण होय.

मात्र या पद्धतीत एक मोठा गोंधळही होता. ‘शेर’ हा शब्द मापालाही होता आणि वजनालाही होता. वजनाचा पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापी शेर हे एक भांडे. त्यात किती वजनाचे धान्य मावेल हे धान्यावर अवलंबून. शिवाय तालुका बदलला की भांड्याचा आकार बदलत असे. मणाची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा होता. तर चाळीस पक्क्या शेरांचा मण सुमारे ३७.३ किलो भरत असे. नाव एकच, परंतु एकाहून दुसरा जवळजवळ तिप्पट. परगावच्या पेढीशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला म्हणूनच भावाइतकीच मापाचीही चौकशी करावी लागे.

एकाच मापात वेगवेगळे वजन का?

एका लिटरच्या भांड्यात पाणी भरले तर त्याचे वजन एक किलो होते. त्याच भांड्यात गहू सपाट भरला तर तो साधारण ७५० ते ७८० ग्रॅम भरतो. तांदूळ आणि तूरडाळ ८०० ते ८५० ग्रॅमच्या घरात जातात. ज्वारी गव्हाहून किंचित कमी, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास राहते. रवा सुमारे ७०० ग्रॅम. हलक्या हाताने भरलेली कणीक ५०० ते ५५० ग्रॅम, बेसन त्याहूनही कमी. चुरमुरे तर शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. उलट मीठ त्याच भांड्यात १२०० ग्रॅमच्या जवळ जाते.

वास्तविक गव्हाचा दाणा पाण्यात टाकला तर बुडतो. म्हणजे तो पाण्याहून जड आहे. मग भांडेभर गहू भांडेभर पाण्याहून हलका कसा? याचे उत्तर दाण्यांच्या मधल्या पोकळीत आहे. गोलसर दाणे कितीही नीट भरले तरी एकमेकांना चिकटून भिंतीसारखे बसत नाहीत. धान्याने भरलेल्या मापात ढोबळमानाने चाळीस टक्के जागा हवेची असते. पायलीभर धान्य घेणारा मनुष्य खरे पाहता पायलीतील साठ टक्के धान्य आणि चाळीस टक्के हवा घरी नेत असतो. पीठ झाले की कण बारीक होतात, खडबडीत होतात, एकमेकांना अडवून धरतात आणि हवा आणखी वाढते.

ही हवा स्थिर नसते, हेच सर्व अडचणींचे मूळ आहे. धान्य वरून अलगद सोडले तर ते सैल बसते. भांडे दोनदा जमिनीवर आपटले, बाजूने थोपटले, की दाणे सरकून पोकळ्यांत बसतात आणि त्याच मापात पाच ते दहा टक्के धान्य जास्त मावते. पीठ चाळून भरले आणि दाबून भरले, तर फरक चतुर्थांशाहूनही अधिक पडू शकतो. म्हणून ‘एक वाटी कणीक म्हणजे किती ग्रॅम’ या प्रश्नाला, भरणारा हात कसा आहे हे कळल्याखेरीज, नेमके उत्तर नाही.

वजनाला हा दोष नाही. हवा तागडीत तोलली जात नाही. परंतु वजनाचा स्वतःचा एक दोष आहे. धान्यात पाणी असते आणि पाणी तोलले जाते. शंभर किलो गव्हात चौदा टक्के ओलावा असेल आणि तो वाळून बारा टक्क्यांवर आला, तर गहू ९७.७ किलो उरतो. सव्वादोन किलोंहून अधिक वजनाचे निव्वळ पाणी गव्हाच्या भावाने विकले गेलेले असते. दमट जागेत ठेवलेले पोते वजनात वाढते, त्यातील अन्न मात्र वाढत नाही. माप आणि वजन या दोहोंनाही अशा रीतीने आपापली लबाडी करता येते.

परंतु दोन्ही एकत्र आणली तर ती एकमेकांवर लक्ष ठेवतात. एका मापात धान्य किती वजनाचे भरते, हा आकडा त्या धान्याची जात आणि प्रतही सांगतो. दाणा टपोरा, भरलेला असेल तर मापाचे वजन वाढते. पोचट, सुरकुतलेला असेल तर घटते. गव्हाची प्रत ठरविताना ठरावीक आकारमानाचे वजन पाहण्याची पद्धत जगभर आहे. अमेरिकेत धान्याचा ‘बुशेल’ हे मूळचे सुमारे ३५ लिटरचे माप; व्यवहारात मात्र गव्हाचा बुशेल साठ पौंडांचा, मक्याचा छप्पन्न पौंडांचा आणि ओटचा बत्तीस पौंडांचा असे प्रत्येक धान्यासाठी वेगळे वजन ठरवून द्यावे लागले. एकाच मापाला सर्व धान्यांसाठी एकच वजन लावता येत नाही, याची ती जाहीर कबुलीच म्हणावी लागेल.

शास्त्रग्रंथांतील मान आणि उन्मान

या विषयाचा विचार जैन परंपरेने फार पूर्वी आणि फार बारकाईने केलेला आहे. अनुयोगद्वारसूत्रात द्रव्य मोजण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : मान, उन्मान, अवमान, गणिम आणि प्रतिमान. भांड्याने मोजणे ते मान, तराजूने तोलणे ते उन्मान, हाताने किंवा काठीने लांबी मोजणे ते अवमान, संख्येने मोजणे ते गणिम आणि सोने-रत्ने यांसारख्या मौल्यवान वस्तूंचे सूक्ष्म तोलन ते प्रतिमान. कोणत्या वस्तूला कोणते प्रमाण लावावे याचा विवेक हा ज्ञानाचाच भाग मानलेला आहे.

मानाचे पुन्हा दोन भेद आहेत, धान्यमान आणि रसमान. धान्यमानाची सुरुवात माणसाच्या हातापासून होते. दोन असृतींची एक प्रसृति, दोन प्रसृतींची एक सेतिका, चार सेतिकांचा एक कुडव, चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक आणि चार आढकांचा द्रोण. मराठीतला ‘पसा’ हा शब्द त्याच प्रसृतीच्या कुळातला आहे. ‘कुडव’ हे नाव कोकण-गोव्याच्या धान्यव्यवहारात टिकून राहिले; त्याचा आकार मात्र पार बदलला.

रसमान म्हणजे तेल, तूप, दूध यांसारख्या पातळ पदार्थांचे माप. त्यासंबंधी सूत्रात आलेली गोष्ट विशेष मननीय आहे. रसमान हे धान्यमानाहून चतुर्थांशाने मोठे असते आणि त्याची शिखा ‘आभ्यंतर’, म्हणजे आत असते. धान्य भांड्याच्या काठावर ढिगासारखे उभे राहते. त्याला बाहेर शिखा येते. तेलाला असा ढीग करता येत नाही. मग तेल घेणाऱ्याचे नुकसान का व्हावे? म्हणून तेलाचे भांडेच तेवढे मोठे करावे आणि बाहेर येऊ न शकणारी शिखा आत सामावून घ्यावी. धान्य आणि द्रव यांच्या मापांतील फरक ओळखून दोन्ही ग्राहकांना समान न्याय देणारी ही योजना आहे. याच रसमानात चौसष्टाव्या भागापासून दुपटीदुपटीने पूर्ण ‘माणी’पर्यंत जाणारी मापांची माळ आहे आणि प्रत्येक मापाचे प्रमाण ‘पल’ या वजनाच्या एककात दिलेले आहे. सर्वांत लहान माप चार पलांचे, पूर्ण माणी दोनशे छप्पन्न पलांची. मापाला वजनाची जोड देणारी ही प्राचीन नोंद होय.

पुढे इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्याच्या आरंभी, बेरीज-गुणाकाराच्याही आधी, क्षेत्र, काल, धान्य, सुवर्ण इत्यादींच्या परिभाषा आहेत. एककांची ओळख पक्की झाल्यावाचून गणितात प्रवेश नाही, असाच त्याचा आशय समजावा.

हा विचार केवळ गणिताच्या ग्रंथांत राहिला नाही, तो श्रावकाच्या आचारात आला. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. देताना कमी मापाने वा वजनाने देणे आणि घेताना अधिक मापाने वा वजनाने घेणे, हा त्याचा अर्थ. उपासकदशांगातही खोटी तागडी आणि खोटे माप यांची गणना तिसऱ्या व्रताच्या अतिचारांतच आहे. येथे ‘मान’ आणि ‘उन्मान’ हे दोन्ही शब्द वापरले आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. माप आणि वजन या दोन्ही वाटांनी दोष शिरतो, हे आचार्यांना ठाऊक होते. मराठी लोकभाषेने हाच आशय ‘मापात पाप’ या दोन शब्दांत बांधला.

शिगेचे गणित

शास्त्रात जिला शिखा म्हटले आहे, तिलाच मराठीत ‘शीग’ म्हणतात. मापाच्या काठावर धान्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. ‘शिगोशीग भरणे’, ‘उत्कंठा शिगेला पोहोचणे’ हे शब्दप्रयोग खळ्यावरूनच साहित्यात आले. शीग ही दात्याची उदारता मानली जाते. परंतु तिचे गणित पाहिले म्हणजे तिच्या आड काय काय लपू शकते ते कळते.

गव्हाच्या ढिगाचा उतार साधारण पंचवीस ते अठ्ठावीस अंशांचा असतो. याचा अर्थ असा की शिगेची उंची मापाच्या तोंडाच्या त्रिज्येच्या सुमारे निम्मी येते. एक माप १२ सेंटिमीटर व्यासाचे आणि तितक्याच उंचीचे घेतले, तर ते सपाट भरल्यास १३५७ मिलिलिटर होते. त्यावरील शीग तीन सेंटिमीटर उंच आणि सुमारे ११३ मिलिलिटरची, म्हणजे मापाचा बारावा हिस्सा. आता दुसरे माप घेऊ. त्याचे तोंड १६ सेंटिमीटर रुंद आहे आणि उंची पावणेसात सेंटिमीटर. सपाट भरले तर हे माप पहिल्याइतकेच. परंतु त्याची शीग चार सेंटिमीटर उंच आणि सुमारे २६८ मिलिलिटरची होते, म्हणजे मापाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. एका मापामागे दीडशे मिलिलिटरहून अधिक, वजनात सुमारे १२० ग्रॅम गव्हाचा फरक, आणि तरीही दोन्ही मापे ‘एकच’.

ज्याने रुंद तोंडाच्या मापाने शीग लावून घेतले आणि अरुंद तोंडाच्या मापाने सपाट करून दिले, त्याने कोणतेही माप खोटे केलेले नाही. दोन्ही भांडी पाण्याने मोजली तर सारखी भरतील. तरीही घेण्या-देण्यात धान्याचा पाचवा हिस्सा एका बाजूला सरकला. पेरणीच्या वेळी बियाणे उसने घेणारा शेतकरी ते सुगीत सवाईने किंवा दिढीने परत करीत असे. सवाईत पाव हिस्सा व्याज असे. त्या पाव हिश्श्यावर शिगेचा पाचवा हिस्सा न बोलता चढला, तर व्याज दुपटीच्या जवळ जाते. वहीत त्याची नोंद कोठेच नसते. धान्यरूपाने मजुरी घेणाऱ्याच्या बाबतीत तर हा फरक त्याच्या मुलांच्या भाकरीतूनच वजा होत असे.

उसनवारीतील आणखी एक चूक घरोघरी घडते आणि तिच्यात लबाडीचा लवलेशही नसतो. शेजारणीकडून डबाभर गहू आणला आणि परत करताना तोच डबा भरून कणीक दिली, तर दोघींनाही व्यवहार पुरा झाल्यासारखा वाटतो. एक लिटर गहू सुमारे ७७० ग्रॅम. एक लिटर कणीक सुमारे ५३० ग्रॅम. दिलेल्या धान्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा परत आलेलाच नाही. याच्या उलट, दहा किलो गहू दळून आणला की पूर्वी १३ लिटरच्या डब्यात मावणाऱ्या धान्याची कणीक सुमारे १९ लिटर होते. दळणाने अन्न वाढलेले नसते, हवा वाढलेली असते. भाव एक आणि डबा दुसरा, अशा ठिकाणी मनातील हिशेब नेहमी तपासून पाहावा.

कायद्याने आणलेली शिस्त

स्वातंत्र्योत्तर काळात हा गोंधळ संपविण्यासाठी १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणांचा कायदा झाला. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने बाजारात आली आणि १९६२ पर्यंत ती देशभर सक्तीची झाली. शेर, मण, पायली यांनी बाजाराचा निरोप घेतला. धान्य किलोने आणि क्विंटलने, तेल-दूध प्रामुख्याने लिटरने, अशी घडी बसली. पुढे १९७६ चा कायदा आणि त्यानंतर १ एप्रिल २०११ पासून अमलात आलेला २००९ चा वैध मापन कायदा यांनी ती घडी अधिक पक्की केली. वजनकाट्यांची ठरावीक मुदतीने पडताळणी होऊन त्यांवर मुद्रा उमटवावी लागते.

या सुधारणेने गरीब ग्राहकाचे मोठे हित झाले, यात शंका नाही. धान्याच्या व्यवहारातून शीग गेली आणि तिच्याबरोबर तिच्या आडून होणारा अन्यायही गेला. मात्र कायदा दुकानाच्या पायरीपर्यंत येतो. स्वयंपाकघरात, पंगतीत, दानाच्या रांगेत अजून मापच चालते आणि ते चालणारच. कारण चुलीपुढे उभ्या असलेल्या व्यक्तीला वाटी हीच सर्वांत सोयीची. तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने घेतले की वाटी लहान असो वा मोठी, प्रमाण बिघडत नाही. घराघरांतील वाटी १२० मिलिलिटरपासून २०० मिलिलिटरपर्यंत काहीही असू शकते. तरीही ‘एकास दोन’ हे वाक्य प्रत्येक घरात खरे ठरते. हे मापाचे सामर्थ्य आहे.

भोजनशाळेतील कसोटी

हे सामर्थ्य भोजनशाळेच्या दारात अडखळते. शिधा पोत्याने येतो, हिशेब किलोचा असतो आणि पाककृती मात्र घरच्या वाटीची असते. शंभर पानांची पंगत आहे आणि माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरला आहे, अशी कल्पना करावी. दहा किलो तांदूळ काढला. घरचे प्रमाण एकास दोन. म्हणून वीस लिटर पाणी घातले. येथेच चूक झाली. ‘एकास दोन’ हे वाटीचे प्रमाण होते, किलोचे नव्हते. दहा किलो तांदूळ म्हणजे सुमारे बारा लिटर तांदूळ. त्याला त्याच प्रमाणाने चोवीस लिटर पाणी हवे. मोठ्या पातेल्यात वाफेने जाणारे पाणी प्रमाणाने कमी असते, म्हणून अनुभवी आचारी त्यातून थोडे कमी करतो; जुन्या-नव्या तांदळाप्रमाणेही फेरफार करतो. परंतु ते फेरफार चोवीसच्या आसपासचे आहेत. विसावर थांबले तर भात कणीदार राहतो, आणि मग वरून पाणी शिंपडत पंगत ताटकळत ठेवावी लागते.

धान्य जितके हलके तितकी चूक मोठी. दहा किलो रवा म्हणजे सुमारे चौदा लिटर. ‘एकास अडीच’ पाण्याचा उपमा किलोच्या हिशेबाने केला, तर पंचवीस लिटर पाणी पडते. वाटीच्या हिशेबाने पस्तीस लागते.

अन्य ठिकाणी अशी चूक निभावून नेता येते. उरलेले अन्न सकाळी वापरता येते. जैन भोजनशाळेला ही मुभा नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावयाचे आणि शिजवलेले ओलसर अन्न रात्र उलटल्यावर वासी म्हणून वर्ज्य. अंदाज जास्तीचा झाला तर अन्नाची नासाडी आणि त्यातून होणारी जीवहिंसा. कमी झाला तर शेवटच्या पंगतीतील यात्रेकरू अर्धपोटी, आणि दिवस मावळला म्हणून पुन्हा चूल पेटवण्यालाही वाव नाही. सायंकाळी उशिरा पोहोचलेला वृद्ध यात्रेकरू, ज्याला चौविहाराचे पच्चक्खाण घ्यावयाचे आहे, त्याच्या ताटात काय पडणार हे सकाळी कोठीत तांदूळ कसा मोजला त्यावर ठरते. म्हणून कोठीतील माप आणि वजन यांचा मेळ हा व्यवस्थेइतकाच व्रताचाही प्रश्न आहे.

तक्ता कसा करावा

यावरील उपाय साधा आणि जवळजवळ बिनखर्चाचा आहे. प्रत्येक भोजनशाळेने, आणि वाटल्यास प्रत्येक घराने, स्वतःच्या भांड्याचा स्वतःचा तक्ता करावा. पुस्तकातील आकडे दिशा दाखवितात. नेमका आकडा आपल्या कोठीतच मिळतो.

प्रथम एकच भांडे कायमचे निश्चित करावे. ते उभट व अरुंद तोंडाचे असावे, म्हणजे काठावरची चूक लहान राहील. ते रिकामे तोलावे. मग पाण्याने काठोकाठ भरून तोलावे. वाढलेल्या वजनाइतके किलो म्हणजे तितके लिटर. भांडे कोरडे करून त्यात धान्य एकाच पद्धतीने भरावे : ठरावीक उंचीवरून सोडावे, आपटू नये, दाबू नये, आणि सरळ पट्टी काठावरून एकदाच फिरवून सपाट करावे. मग तोलावे. असे तीनदा करून सरासरी लिहावी. धान्याच्या वजनाला लिटरने भागले की त्या धान्याचा आकडा मिळतो. किलोचे लिटर करावयाचे असतील तर त्या आकड्याने भागावे. लिटरचे किलो करावयाचे असतील तर गुणावे.

हा तक्ता कोठीच्या भिंतीवर टांगावा आणि नवीन पोते फोडले की एकदा पडताळून पाहावा. तांदळाची जात बदलली, नवा जाऊन जुना आला, पावसाळा लागला, की आकडा थोडा हलतो. आकडा नेहमीपेक्षा फारच खाली आला तर दाणा पोचट आहे किंवा त्यात भुसा-कोंडा आहे, हेही तेथेच लक्षात येते. पिठाच्या बाबतीत मात्र मापावर विसंबू नये. कणीक आणि बेसन शक्यतो तोलूनच घ्यावे.

शिधावाटपाच्या रांगेत प्रत्येकाला तोलून देणे नेहमी शक्य नसते. तेथे मापाने द्यावे, परंतु त्या दिवशीच्या धान्यावर माप तोलून ठरवावे. रांगेतील पहिल्याला सैल भरलेले आणि शेवटच्याला ठासून भरलेले, किंवा याच्या उलट, असे होऊ नये. भरणारा हात शक्य तो एकच असावा.

उपसंहार

माप आणि वजन यांचे गणित येथवर आले की अखेरीस एक गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे शीग. सर्व कोष्टके, सर्व तक्ते शीग काढून टाकण्यासाठी आहेत. कारण तिचा नेम नसतो. व्यवहारात ती नसावी हेच योग्य. घेताना माप सपाट असावे आणि विकतानाही सपाटच असावे. त्यात कमी-अधिक झाले की तो अतिचार होय. दानाचे मात्र तसे नाही. दान देताना माप आधी प्रामाणिकपणे पूर्ण भरावे आणि मग त्यावर शीग चढवावी. प्रामाणिकपणाचे माप अपुरे ठेवून वर शिगेचा देखावा करण्यात दान नाही. आणि हिशेब पुरा झाला म्हणून हात आखडता घेण्यातही नाही.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत एखाद्या संस्थेच्या कोठीतून किती धान्य आले आणि गेले याचा आकडा जमाखर्चाच्या वहीत किलोने लिहिलेला असतो. ते धान्य ज्यांच्या पानात पडले, त्यांनी ते पशाने, ओंजळीने, घासाने मोजलेले असते. या दोन हिशेबांचा मेळ बसणे, हीच त्या कोठीची खरी शोभा. उंबरठ्यावरचे माप लवंडून येणाऱ्या सुनेच्या पायाशी जसे तांदूळ पसरतात, तसे अन्न या दारातून सर्वांपर्यंत पोहोचत राहो, आणि ज्या मापाने ते जाते ते माप सदैव खरे राहो.

जय जिनेंद्र.